ओटेआळीतले उंदीर

फार पूर्वी, गावातले रस्ते गावकऱ्यांनीच बांधायचे असत, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावात एक आळी होती. वरच्या वेशीतल्या मारुतीपासून ती निघायची आणि खाली बाजारतळापर्यंत जायची. आळीतल्या प्रत्येक घराला दगडी ओटा होता. कुणाचा लांब, कुणाचा आखूड, पण ओट्यावाचून घर नाही. म्हणून सगळे तिला ओटेआळी म्हणत.

आळीच्या खालच्या अंगाला एक गूळव्यापारी राहायचा. पुढे दुकान, मागे घर आणि शेजारी लागूनच गुळाची वखार. वखारीच्या लांबलचक भिंतीला ओटा नव्हता, पण घरापुढचा ओटा मात्र चांगला ऐसपैस होता. त्याच्या कोपऱ्यात पाण्याची घागर असायची आणि डब्यात गुळाचे खडे. उन्हातून आलेल्या कुणीही टेकावं, गुळाचा खडा तोंडात टाकावा, पाणी प्यावं आणि वाटेला लागावं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. हिशेबी होता, एवढंच.

त्याची बायको त्याच्यापेक्षा दोन शब्द जास्त बोलायची आणि बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा खरं बोलायची. त्यामुळे तो तिचं ऐकायचा, पण मानायचा नाही.

समोरच्या घरात एक कासारीण राहायची. नवरा गेल्यावर बांगड्यांचा धंदा तिनं एकटीनं सांभाळला होता. घर एवढंसं, पण ओटा घरापेक्षा लांब. घराची भिंत संपली तरी ओटा पुढे परसाच्या कुंपणाला लागून जायचा. सणासुदीला बायका त्या ओट्यावर ओळीनं बसत आणि हात पुढे करत, आणि कासारीण एकेकीच्या हातात बांगड्या भरत सरकत जाई. ओटा हेच तिचं दुकान होतं.

आता या आळीचं एक दुखणं होतं. पावसाळ्यात टेकडीवरचं सगळं पाणी आळीतून खाली यायचं. चिखल तर असा व्हायचा, की गाडीचं चाक रुतलं की बैल मान खाली घालून उभेच राहत. बाहेरगावची गिऱ्हाइकं वेशीतूनच परत फिरत. चार महिने धंदा बसायचा. शेवटी सगळी आळी गावच्या कारभाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "कारभारी, आम्हाला वरपासून खालपर्यंत बंदिस्त दगडी गटार द्या आणि वरून फरशी घाला."

कारभारी म्हणाला, "देऊ की. रीत तुम्हाला ठाऊकच आहे."

रीत अशी होती. ज्या आळीचं काम, त्या आळीतल्या घरांनी दगड द्यायचे. घराचा ओटा दोरीनं मोजायचा आणि ओट्याच्या एका हाताला एक गाडी दगड. मापाची दोरी गावाची, पण तिचं एक टोक घरमालकानं स्वतः धरायचं, म्हणजे नंतर कुरकुर नको. आणि घरांकडून जेवढे दगड जमतील, तेवढेच गावाच्या खाणीतून गाव घालायचं. जितका ओटा तितका वाटा, असं म्हणायची पद्धतच पडली होती.

आळी खूश झाली. व्यापारीसुद्धा खूश झाला. घरी येऊन त्यानं आपला ओटा हातानं मोजला आणि त्याची खुशी उतरली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच कारभाऱ्याकडे गेला.

"कारभारी, एक विचारू का? रस्ता काय माझ्या एकट्याचा आहे? वरची माणसं त्यावरून जाणार, परगावच्या गाड्या जाणार, मोकाट गुरंसुद्धा जाणार. मग दगड माझ्या डोक्यावर का?"

प्रश्न काही चुकीचा नव्हता. कारभाऱ्यानंही तो हसण्यावारी नेला नाही.

"म्हणूनच तर अर्धे दगड गाव देतं," तो म्हणाला. "मोकाट गुरांचा वाटा त्यात आला. पण शेटजी, रस्ता झाला की गाडी थांबेल ती तुमच्या दारात. माझं घर पलीकडच्या आळीत, माझ्या दारात काही ती यायची नाही. वखारीचं मोलही तुमच्याच वाढेल. ज्याच्या दारात सोय येते, त्यानं हात थोडा पुढे करावा, एवढंच गावाचं म्हणणं."

व्यापाऱ्यानं मान हलवली. पटलंही त्याला. पण पटणं वेगळं आणि खाणीतून गाड्या भरून आणणं वेगळं. वाटेत त्याच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका सोपा होता की आजवर कुणाला कसा सुचला नाही याचंच त्याला नवल वाटलं. माप ओट्याचं घ्यायचं ना? मग ओटाच नसला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पहार घेतली आणि ओटा फोडायला लागला. बायको धावत बाहेर आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"ओट्यात उंदीर झालेत," व्यापारी म्हणाला. "पार पोखरून टाकलाय. आज ना उद्या वखारीत शिरतील."

"मला तर एकही दिसला नाही कधी."

"ते तुला दिसायला बसलेत का?"

बायको घटकाभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उंदीर ओट्यात नाही शिरला, तुमच्या डोक्यात शिरलाय. मापाची दोरी यायच्या आधीच बरे उंदीर झाले. आणि ओटा गेल्यावर मी डाळ निवडायला बसू कुठं? घागर ठेवू कुठं?"

"आत बस. घागरही आत ठेव."

"घरात येऊन कोण पाणी पिणार आहे," असं म्हणून ती आत गेली. संध्याकाळपर्यंत ओट्याच्या जागी उंबऱ्याखालची एक पायरी तेवढी उरली.

व्यापाऱ्याला वाटलं होतं, आपला एकट्याचा ओटा गेला तर काय बिघडतं? एवढी मोठी आळी, बाकीच्यांचे दगड पुरून उरतील. पण आळीला डोळे असतात. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या ओट्यात उंदीर निघाले. मग त्याच्या शेजाऱ्याच्या. मग एकदम वरच्या टोकाला, मारुतीच्या बाजूच्या घरात. सगळ्या आळीत पहारींचे आवाज सुरू झाले. मांजरं बिचारी या ओट्यावरून त्या ओट्यावर नुसती बघत फिरायची, आणि त्यांना एक उंदीर सापडायचा नाही.

व्यापारी दारात उभा राहून ते आवाज ऐकत होता. थांबा म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण काय तोंडानं म्हणणार? आपण आपला ओटा मोडलाय आणि दुसऱ्यानं त्याचा ठेवावा, हे सांगायला फार मोठं तोंड लागतं. तो आत गेला आणि गुळाच्या ढेपा मोजत बसला.

एकट्या कासारणीचा ओटा मात्र जसाच्या तसा होता. व्यापाऱ्यानं तिला हटकलं, "काय बाई, तुमच्याकडे उंदीर नाहीत वाटतं?"

कासारीण बांगड्यांवरची धूळ पुसत होती. "असतील की शेटजी. पण ओटा मोडला तर बायका हात पुढे करून बसतील कुठं? राहू देत उंदीर. मी घेते सांभाळून."

मग कारभारी दोरी घेऊन आला. वरच्या टोकापासून खालपर्यंत आला, पण दोरीची गुंडाळी काही फारशी सुटली नाही. जिथं तिथं नुसती एकेक पायरी. व्यापाऱ्याच्या दारात त्यानं नेमाप्रमाणे दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. जेमतेम हातभर अंतर, दोघं एकमेकांना जवळजवळ चिकटून उभे राहिले. व्यापाऱ्यानं नजर पायरीवरून वर केली नाही.

"उंदीर का?" कारभाऱ्यानं विचारलं.

"हो."

"या साली फारच झालेत," कारभारी म्हणाला. "शेटजी, नियम तो नियम, मी काही भिंतीत शिरून बघणार नाही. फक्त एक लक्षात असू द्या. तुम्ही एक गाडी कमी केली की गावाचीही एक कमी होते. आळीला दोन कमी पडतात."

कासारणीच्या दारात दोरी सुटली ती सुटतच गेली. सगळ्या आळीत सगळ्यात जास्त दगड तिच्या नावावर आले. ऐकून तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "कारभारी, देईन मी. पण एकदम नाही जमायचं. सणाला चार पैसे हातात येतात, तेव्हा गाडी सांगत जाईन. दिवाळीपर्यंत, नाहीतर पुढच्या संक्रांतीपर्यंत."

"चालेल," कारभारी म्हणाला. "तुमचे दगड गाव आत्ता घालेल, तुम्ही सवडीनं भरा. देतो म्हणणाऱ्याला गाव अडवत नाही."

व्यापाऱ्यानं समोरून हे सगळं ऐकलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय, असं त्यानं बायकोला सांगितलं. तिनं ओव्याचं पाणी दिलं.

उन्हाळ्यात काम लागलं. कुठलंही काम वेशीतल्या मारुतीला नारळ फोडून तिथूनच खाली न्यायचं, ही गावाची जुनी चाल. गवंड्यानं गटार खणलं, बांधलं, वरून फरशी घातली. काम सुरेख होत होतं. पण निम्मी आळी ओलांडल्यावर, व्यापाऱ्याच्या घराच्या थोडं वर दगड संपले. गटाराचं तोंड तिथंच उघडं राहिलं.

"पुढचं पुढच्या उन्हाळ्यात," गवंडी म्हणाला आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

व्यापारी त्या उघड्या तोंडापाशी जाऊन उभा राहिला. तिथून आपल्या दाराकडे पाहिलं. सरळ उतार होता. बायकोही येऊन उभी राहिली.

"घाला ना चार गाड्या आपल्याकडून," ती म्हणाली. "गावही चार घालेल. आपल्या दाराच्या खाली तरी जाईल पाणी."

"आणि बाकीचे? मी एकट्यानंच शहाणपण करायचं?"

"वेडेपणा एकट्यानं सुरू केलात, तेव्हा नाही विचारलंत ते."

त्याला राग आला. खरं बोललेलं लागतंच. तो म्हणाला, "आजवर कधी आलं का पाणी घरात? दरसाल पाऊस पडतोय."

हे मात्र त्याचं खरं होतं. आजवर पाणी घरात आलं नव्हतं. कारण आजवर ते सगळ्या आळीभर पसरून, चिखलातून रेंगाळत खाली यायचं, आणि घरापाशी आलं की ओट्याला थडकून बाजूला वळायचं. आता ना ते पसरणार होतं, ना त्याला वळवायला ओटा होता. पण असा विचार माणूस आधी कुठं करतो?

श्रावणात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि टेकडीवर ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला. टेकडीचं सगळं पाणी वेशीत गोळा झालं, गटारात शिरलं आणि धावत खाली आलं. उघड्या तोंडातून ते असं उसळून बाहेर पडलं की फरशीच्या कडेचे दगड सरकले. तिथून ते थेट व्यापाऱ्याच्या दारात आलं. पायरी बुडाली, उंबरा बुडाला, दुकान बुडालं, आणि पाणी वखारीत शिरलं.

गूळ आणि पाणी यांचं वैर सांगायला नको. खालच्या थरातल्या ढेपा बघता बघता मऊ पडल्या. त्या वखारीत त्या माणसाची सगळी पुंजी होती. गुऱ्हाळवाल्यांना आगाऊ रक्कम देऊन वर्षाचा गूळ त्यानं भरून ठेवला होता. तो गेला तर पुढच्या साली दुकान उघडायचं कशावर? नवरा-बायको गुडघाभर पाण्यात उतरून ढेपा उचलायला लागले. पण उचलून ठेवायच्या कुठं? दारात आले तर सगळी आळी नदी झालेली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यांच्या बाजूच्या एकाही घराला ओटा नव्हता.

"शेटजी, इकडे आणा." समोरून कासारीण हाका मारत होती. "इकडे, माझ्या ओट्यावर."

तिनं बांगड्यांच्या पेट्या आत नेऊन ओटा मोकळा केला होता. तिचा ओटा चांगला उंच होता, पाणी त्याला थडकून दोन्हीकडून निघून जात होतं. व्यापाऱ्यानं ढेप छातीशी धरली, पाणी ओलांडलं आणि तिच्या ओट्यावर ठेवली. मग दुसरी. मग बायकोनं एक आणली. कासारीण ओट्यावर उभी राहून हातातून घ्यायची आणि भिंतीशी नीट रचायची. तेवढ्यात शेजारीण धान्याची पोती घेऊन आली. कुणी तान्हं मूल आणलं, कुणी म्हातारा सासरा पाठीवर आणला, कुणी देव आणले. ज्या ओट्यावर बायका बांगड्या भरायला बसत, त्यावर खालची सगळी आळी अंग चोरून उभी राहिली.

व्यापारी शेवटची ढेप घेऊन आला तेव्हा त्याला उभं राहायला जागा नव्हती. पाण्यात उभा राहून तो कासारणीकडे बघत होता. आता ही काहीतरी बोलेल, असं त्याला वाटत होतं. उंदरांचं विचारील. विचारायला हवंच होतं तिनं, त्याची तयारी होती.

कासारणीनं दोन पोरांना मांडीवर घेतलं आणि सरकली. "शेटजी, पाय वर घ्या," ती म्हणाली. "गारठाल."

पाऊस उतरला तेव्हा आळीतून पिवळसर गोड पाणी वाहत होतं. अर्धी वखार त्या पाण्यातून बाजारतळाकडे गेली होती. व्यापारी उरलेल्या ढेपांना टेकून बसला होता. हात चिकट, घसा कोरडा. कासारीण आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. दुसऱ्या हातात गुळाचा खडा होता.

"घ्या," ती म्हणाली. "नुसतं पाणी देऊ नये. गूळ तुमचाच आहे."

व्यापाऱ्यानं खडा हातात घेतला, पण तो तोंडात घालवेना. इतकी वर्षं त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला गूळपाणी दिलं होतं, आणि देणाऱ्यालाच आपण मोठं समजत आलो होतो असं त्याला वाटलं. आज घेताना त्याला रडू आलं. सगळ्यांच्या देखत आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"माझ्या ओट्यात उंदीर नव्हते," तो म्हणाला.

कुणी पायाच्या बोटाकडे बघितलं, कुणी पोत्याची गाठ तपासली. मग शेजारी हळूच म्हणाला, "आमच्याही नव्हते." मागून म्हाताऱ्या सासऱ्यानं विचारलं, "मग मला उगाच का सांगितलंत?" आणि त्या ओल्या, गारठलेल्या माणसांना हसू फुटलं.

चिखल वाळल्यावर सगळी आळी पुन्हा कारभाऱ्याकडे गेली. या वेळी बोलायला व्यापारी पुढे होता.

"कारभारी, राहिलेलं काम करायचंय. पण माप ओट्याचं नको."

"मग कशाचं?"

"भिंतीचं. रस्त्याला लागून घराची जेवढी भिंत, तेवढे दगड. वखारीचीही भिंत धरायची. ओटा मोडता येतो, कारभारी. भिंत मोडून राहणार कुठं? आणि ओटा ज्याचा त्याच्या कष्टाचा. या बाईंचं घर एवढंसं, आणि दगड तिचे सगळ्यात जास्त. हे कसलं माप? तिचे जादा झाले असतील ते माझ्या नावावर चढवा."

"तुमच्या वखारीची भिंत आळीत सगळ्यात लांब आहे," कारभाऱ्यानं आठवण करून दिली.

"ठाऊक आहे. वर्षभर मीच तिच्या कडेनं फिरतो."

कारभारी दोरी घेऊन आला. व्यापाऱ्यानं टोक हातात घेतलं आणि चालायला लागला. घराची भिंत संपली, वखारीची सुरू झाली. एका ठिकाणी पडझड होऊन भिंत खचली होती. कारभारी मागून म्हणाला, "शेटजी, थांबा तिथं. पडलेली भिंत नाही धरत मी."

व्यापारी थांबला नाही. खचलेल्या भागावरून पाय टाकून तो पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला, दोरी ताणून धरली आणि तिथून म्हणाला, "इथपर्यंत आहे."

बायको दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

पुढच्या उन्हाळ्यात गटार बाजारतळापर्यंत पोहोचलं. आळीत एकेक करून ओटे पुन्हा उभे राहिले, कारण आता त्यांना कुणी मोजणार नव्हतं. पाऊस आला तेव्हा पाणी फरशीखालून मुकाट्यानं गेलं. गाड्या आल्या, त्यातली पहिली व्यापाऱ्याच्याच दारात थांबली. गाडीवान नव्या ओट्यावर टेकला. कोपऱ्यात घागर होती, डबा होता. त्यानं गुळाचा खडा घेतला, पाणी प्यायला आणि सहज विचारलं, "शेटजी, ओटा नवा बांधलात का? जुन्याला काय झालं होतं?"

व्यापाऱ्यानं समोरच्या ओट्याकडे पाहिलं. कासारीण एका नव्या नवरीच्या हातात बांगड्या भरत होती. तिचं लक्ष नव्हतं, पण ऐकू जात होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "धडधाकट होता. मीच मोडला."

म्हणून जुनी माणसं ही गोष्ट सांगून झाली की थोडं थांबतात, आणि मग म्हणतात, तात्पर्य: दारासमोरची वाट सगळ्यांची असते, पण तिच्यासाठी चुकवलेला दगड शेवटी आपल्याच उंबऱ्यातून निखळतो.